दुष्काळ संपला हे कोण ठरवणार?



शाळू काढणीला आलाय. खालच्या पट्टीतला आधी काढावा लागणार, तिथलं रान लवकर वाळलं आणि भुईला भेगा पडायला लागल्यात. कणसं यंदा बरी आहेत. कडबाही बरा निघेल. अडचण एकच, मजूर. चार दिवस फिरतोय, तीन बायका कशाबशा हो म्हणाल्या.

एरवी या पानावर मी वाण, कीड, पाणी असलं लिहितो. आज थोडं मागचं लिहिणार आहे. लांबेल, पण वाचा. कारण या लिखाणाची सुरुवात माझ्याच एका चुकीपासून झाली.

२६ जानेवारीला आमच्या गावची ग्रामसभा झाली. एकानं विषय काढला, 'शाळवाच्या काढणीपर्यंत रोजगार हमीची कामं बंद ठेवा, शेतीला माणूस मिळत नाही.' आम्ही बागायतवाल्या सात-आठ जणांनी हात वर केला. त्यात माझाही हात होता. मागं बसलेल्या एका बाईनं विचारलं, 'काढणी पंधरा दिसाची. मग पुढं?' तिला कुणी उत्तर दिलं नाही. विषय पुढच्या सभेवर गेला.

घरी येऊन मी आईला सांगितलं. आईचं वय ऐंशीच्या पुढं. ती शेंगा फोडत बसली होती. म्हणाली, 'आरं लेका, त्र्याहत्तर साली आसंच केलं व्हतं. पाऊस पडला म्हून दुसऱ्या दिशी काम बंद. पाऊस काय चुलीत शिजतो व्हय?'

मी गप्प बसलो. त्यानंतर रात्री जागून जुनी पुस्तकं काढली, ओळखीच्या दोन निवृत्त शिक्षकांना आणि एका कृषी अधिकाऱ्यांना विचारलं. त्यातून जे हाती लागलं ते मांडतोय.

सरकारनं अडचणीच्या काळात लोकांना काम द्यायचं, ही गोष्ट आपल्या मुलखात नवी नाही. दीडशे वर्षांपूर्वी, १८७६ ते ७८ च्या मोठ्या दुष्काळात इंग्रजांनी दख्खनमध्ये कामं काढली होती. आमच्या माणदेशातल्या म्हसवडच्या तलावाला, ज्याला आम्ही राजेवाडीचा तलाव म्हणतो, त्याच दुष्काळातले मजूर लागले. आजही तो तलाव भरला की सांगोल्याकडच्या रानाला पाणी जातं.

पण ते काम म्हणजे मेहेरबानी होती. व्हाइसरॉय लिटननं १८७७ च्या सुरुवातीला सर रिचर्ड टेंपल या अधिकाऱ्याला दुष्काळी भागात पाठवलं. खर्च कमी करायचा हे त्याचं काम. त्यानं मजुरी कापली. दिवसभर माती उपसणाऱ्या माणसाला एक पौंड धान्य, म्हणजे साधारण साडेचारशे ग्रॅम, आणि वर थोडे पैसे. गावाजवळची बारकी कामं बंद करून लांबच्या मोठ्या कामावर जा, असंही सांगण्यात आलं. तेव्हा मुंबई इलाख्यातल्या हजारो मजुरांनी कामावर जायचं नाकारलं. उपाशी माणसांनी केलेला तो संप होता. पुण्याच्या सार्वजनिक सभेनं त्यांची बाजू सरकारपुढं मांडली.

त्या दुष्काळानंतर १८७८ साली कमिशन बसलं आणि त्यातून दुष्काळाचे नियम तयार झाले, ज्याला फॅमिन कोड म्हणतात. त्यात एक पद्धत होती चाचणी कामाची. म्हणजे आधी एखादं कष्टाचं काम काढायचं, मजुरी कमी ठेवायची, आणि तरीही लोक आले तर समजायचं की दुष्काळ खरा आहे. माणूस खरंच उपाशी आहे का, हे तपासायला त्याच्याच अंगावर दगड ठेवून बघायचं, असा तो हिशेब.

तरी त्या नियमांत लोकांच्या बाजूचंही काही होतं. १८९६-९७ च्या दुष्काळात लोकमान्य टिळकांनी 'केसरी'तून हेच नियम शेतकऱ्यांना समजावून सांगितले. सार्वजनिक सभेची माणसं गावोगाव गेली. सांगणं एवढंच होतं की हे सरकारनंच लिहून ठेवलंय, ते मागा. कागदावर लिहिलेलं मागायला शिकवणं, हे काम आपल्याकडं तेव्हापासून चालू आहे.

स्वातंत्र्यानंतर नियम तेच राहिले, फक्त शब्द बदलला. महाराष्ट्रानं १९६३ साली चक्क कायदा करून आपल्या कायद्यांमधून 'दुष्काळ' हा शब्दच काढून टाकला. त्या जागी आली 'टंचाई'. म्हणजे माणूस पूर्वीसारखाच उपाशी, पण कागदावर त्याला टंचाई.

आणि टंचाई कधी आहे हे ठरवायचं कोणी? तर बरीच वर्षं पैसेवारीनं. पूर्वी आणेवारी म्हणायचे. पीक पन्नास पैशांच्या आत आलं तर टंचाई. आता आपण शेतकरी आहोत, आपल्याला माहीत आहे. खरीप हातचा गेला हे ऑगस्टमध्ये बांधावर उभं राहिलं की कळतं. नजर अंदाज, सुधारित, अंतिम असं करत पैसेवारीचा कागद पक्का होईपर्यंत हिवाळा येतो. मधल्या चार महिन्यांत मजुराच्या घरी काय शिजतं, त्याला त्या कागदात रकाना नाही.

आता १९७२. हे आपल्यातल्या साठीच्या पुढच्या प्रत्येकाला माहीत आहे. मी तेव्हा दोन वर्षांचा होतो, म्हणून हे सगळं ऐकलेलं.

आधीची दोन वर्षं पावसानं हात आखडता घेतलाच होता. बहात्तरला पाठच फिरवली. विहिरींचे तळ दिसले. बैल मेले किंवा मातीमोल विकले गेले. आमच्या घरी चार एकर जमीन, पण दाणा नाही. परदेशातून आलेली लाल मिलो रेशनवर मिळायची, कामावर सुकडी वाटायचे. आई अजून म्हणते, त्या सुकडीवर तू वाढलास.

सरकारनं कामं काढली. खडी फोडणं, रस्ते, पाझर तलाव, नाला बांध, बांधबंदिस्ती. १९७३ च्या मे महिन्यात या कामांवर जवळपास पन्नास लाख माणसं होती. राज्याची लोकसंख्या तेव्हा पाच कोटी. म्हणजे लहान पोरं-म्हातारी धरून दर दहा माणसांत एक माणूस सरकारी कामावर. जगात एवढी माणसं एका राज्यानं एका वेळी कामावर लावल्याची उदाहरणं कमी आहेत. पिकं एवढी बुडाली, तरी पूर्वीच्या दुष्काळांसारखी माणसं किड्यामुंग्यांसारखी मेली नाहीत. त्याचं मोठं कारण ही कामं, असं या दुष्काळाचा अभ्यास केलेले ज्याँ द्रेझ यांच्यासारखे अर्थशास्त्रज्ञ सांगतात.

आमच्या गावाच्या वरच्या अंगाला जो पाझर तलाव आहे, त्यावर आमचं घर होतं. घर म्हणजे आण्णा, आई, आत्या, चुलते सगळे. आण्णा टिकावानं चौकडी खांदायचे, आई पाट्या वाहायची. मी बाभळीखाली झोळीत. एक गोष्ट इथं ध्यानात घ्या. आण्णा भूमिहीन नव्हते. चार एकरांचे मालक होते. त्यांच्या शेजारच्या चौकडीवर बारा एकरवाला होता. दुष्काळात शेतकरी आणि मजूर असे दोन वेगळे लोक नसतात. सातबारा घरी ठेवून सगळे एकाच मस्टरवर येतात.

मग त्र्याहत्तरचा पाऊस पडला. चांगला पडला. आणि आमच्या तलावाचं काम थांबलं. मुकादमानं सांगितलं, उद्यापासून येऊ नका.

आईचं म्हणणं इथंच आहे, आणि मला ते पन्नास वर्षांनी कळलं. पाऊस पडला की शेतकऱ्याचं उत्पन्न सुरू होत नाही, आधी खर्च सुरू होतो. बियाणं पाहिजे, बैल गेलेले म्हणून औत भाड्यानं पाहिजे, भांगलणीला माणसं पाहिजेत. बाजरी हाताला येणार सप्टेंबरच्या शेवटाला. शाळू तर पुढच्या वर्षी. जूनपासून सप्टेंबरपर्यंत घर कशावर चालवायचं? त्या तीन महिन्यांत आईची पाटली सावकाराकडं गेली. बहात्तरच्या पूर्ण वर्षात गेली नव्हती, ती पाऊस पडल्यावर गेली. आईच्या हातात ती परत कधी आली नाही.

म्हणून सांगतो, मदत कधी सुरू झाली एवढ्यावर इतिहास संपत नाही. मदत कधी थांबवली आणि ती कोणाच्या शब्दानं थांबली, हे बघावं लागतं.

याच प्रश्नावर आपल्या राज्यात एका माणसानं आधीपासून विचार करून ठेवला होता. वि. स. पागे. सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यातले, गांधीविचाराचे, विधान परिषदेचे सभापती. त्यांची मांडणी साधी होती. गावातला जो माणूस अंगमेहनतीचं काम करायला तयार आहे, त्याला सरकारनं काम दिलंच पाहिजे. दुष्काळ असो वा नसो. १९६५ च्या सुमारास तासगाव तालुक्यातल्या विसापूर भागात याचा छोटा प्रयोग झाला. वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना १९७२ साली योजना म्हणून ती राज्यात आली. पण लगेच मोठा दुष्काळ उभा राहिला, सगळं बळ टंचाईच्या कामांकडं वळलं, आणि दुष्काळ सरल्यावर योजना पुन्हा नीट सुरू झाली.

पुण्याच्या गोखले संस्थेतले वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनीही १९७१ च्या आपल्या गरिबीवरच्या अभ्यासात ग्रामीण भागात सरकारी कामं काढण्याचा आग्रह धरला होता. दत्ता देशमुखांसारखे डावे पुढारी दुष्काळी मजुरांना घेऊन रस्त्यावर होते. योजनेवर थांबू नका, कायदा करा, ही मागणी वाढत गेली.

१९७७ साली विधिमंडळानं महाराष्ट्र रोजगार हमी कायदा मंजूर केला. २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. २६ जानेवारी. आमच्या ग्रामसभेचीच तारीख. हात वर करताना मला हे माहीत नव्हतं.

या कायद्यात काय वेगळं होतं? मला चार गोष्टी महत्त्वाच्या वाटतात.

एक. दुष्काळ जाहीर व्हायची गरज नाही. मजुरानं काम मागितलं हीच टंचाईची खूण. म्हणजे चाचणी उलटी झाली. इंग्रज माणसाची परीक्षा घ्यायचा, इथं माणूस सरकारची परीक्षा घेणार.

दोन. काम मागितल्यापासून पंधरा दिवसांत द्यायचं. नाही दिलं तर बेकार भत्ता. सुरुवातीला तो रोजचा एक रुपया होता. रुपयाला हसू नका. रक्कम बारकी होती, पण काम न दिल्याचा दंड सरकारनं स्वतःवर लावून घेतला होता. शहरात, परदेशात कारखाना बंद पडला की कामगाराला भत्ता मिळतो, त्याची नोंद असते, मालक असतो. आपल्या शेतमजुराचा मालक रोज बदलतो, हजेरी कुठंच नसते. त्याला भत्ता द्यायचा तर आधी काम देऊ करायचं आणि नाही जमलं तर भत्ता, हीच वाट होती.

तीन. पैसा कुठून येणार हे आधीच बांधून घेतलं. १९७५ पासून शहरातल्या नोकरदारांवर, व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसला. जेवढा जमेल तेवढीच रक्कम सरकारनं स्वतःची घालायची. आपल्या पोरांच्या पगाराच्या चिठ्ठीत महिन्याला दोनशे रुपये कापलेले दिसतात ना, फेब्रुवारीत तीनशे, त्या कराचं मूळ इथं आहे. मुंबईच्या कारकुनानं माणदेशातल्या, मराठवाड्यातल्या मजुराच्या चुलीसाठी दिलेले पैसे. शहरानं खेड्यासाठी वर्षानुवर्षं एवढं केलं, हे आपण कधी बोलून दाखवत नाही. दाखवलं पाहिजे.

चार. काम उत्पादक पाहिजे. नुसती खडी फोडून ढीग लावायचा नाही, जमिनीला पाण्याला उपयोग होईल असं काम.

या चौथ्या मुद्द्यावर शेतकरी आणि कृषीवाल्या मंडळींनी जरा थांबावं. बहात्तरच्या घाईत सगळंच चांगलं झालं असं नाही. हलक्या-मध्यम रानात समपातळी बांध टिकले. भारी काळ्या रानात पाणी तुंबलं, पिकं पिवळी पडली, शेतकऱ्यांनी बांध फोडले. तिथं उतार देऊन, पाणी हळू बाहेर काढणारे बांध पाहिजे होते. कितीतरी तलावांच्या वरचं पाणलोट तसंच उघडं राहिलं, त्यामुळं ते गाळानं भरले. नुसती खडी फोडत बसलेली माणसं बघून पुण्याचे अभियंते विलासराव साळुंखे पुरंदर तालुक्यातल्या नायगावात उतरले आणि त्यातून पुढं पाणी पंचायत उभी राहिली. सरकारनंही १९८३ पासून रोजगार हमीतूनच सर्वंकष पाणलोट विकासाचा कार्यक्रम घेतला. माथ्यापासून पायथ्यापर्यंत काम करायचं, हे शहाणपण चुकांतून आलं.

आणि १९९० पासून फळबाग. रोजगार हमीतून आपल्याच शेतात खड्डे घ्या, झाडं लावा, मजुरी सरकार देईल. आंबा, काजू, डाळिंब, बोर, सीताफळ. आज आटपाडी-सांगोल्याकडचं डाळिंब परदेशात जातं, कोकणातल्या कातळावर आंबा-काजू दिसतो, त्यात या योजनेचा मोठा हात आहे. मी जो आज बागायतदार म्हणून मिरवतो, ते कशावर? तलावाखाली माझी विहीर आहे. तलाव भरला की विहिरीला मार्चपर्यंत पाणी टिकतं. तो तलाव माझ्या आईनं पाट्या वाहून बांधला. आणि डाळिंबाची पहिली तीनशे झाडं रोजगार हमीच्या खड्ड्यात लागली. हे सगळं खाऊन मी ग्रामसभेत म्हणालो, कामं बंद ठेवा.

आता आपली शेतकऱ्यांची तक्रारही सांगतो, कारण ती खोटी नाही. रोजगार हमीमुळं मजुरी वाढते. १९८८ साली हमीची मजुरी किमान वेतनाबरोबर आली, एका झटक्यात दुप्पट झाली, तेव्हाही हीच ओरड होती. पण पुढं काय झालं बघा. मजुरी दुप्पट झाल्यावर कामावरची माणसं वाढायला पाहिजे होती. ती कमी झाली. अर्थशास्त्रज्ञांनी आकडे तपासून सांगितलं की मागणी कमी झाली नव्हती, कामं कमी काढली जात होती. म्हणजे कायदा तोच, हमी तीच, पण पैसे जास्त लागतात म्हटल्यावर नळ हळूच आवळला गेला. बंद करतो असं कुणी जाहीर केलं नाही. नवं काम काढायला पन्नास मजूर पाहिजेत, अंदाजपत्रक मंजूर नाही, साहेब रजेवर आहेत. बंद असंच होतं.

हे मी स्वतः भोगलंय. २००३ चा दुष्काळ आठवा. आमच्याकडं तो बहात्तरच्या तोडीचा होता. जनावरं छावणीत, बाग जळाली, मी तेहतीस वर्षांचा, दोन पोरं. गावातली आम्ही साठ माणसं काम मागायला तालुक्याच्या एका कचेरीत गेलो. अर्ज घेईनात. 'वरून आदेश आल्यावर बघू.' आमच्यातल्या एका रिटायर मास्तरांना कायदा माहीत होता. ते म्हणाले, 'अर्ज घ्या आणि तारखेची पोच द्या. नाही देत असं लिहून द्या.' अर्ध्या तासात पोच मिळाली. बाराव्या दिवशी नाला बांधाचं काम सुरू झालं. त्याआधी दोनदा आम्ही नुसतं तोंडी विचारून परत आलो होतो, त्या सव्वा महिन्याचं काम गेलं आणि भत्ताही गेला. कारण पोच नव्हती, म्हणजे आम्ही काम मागितलंच नव्हतं. बेकार भत्ता बुडवायचा सोपा मार्ग हाच, की मागणीची तारीखच लिहायची नाही.

पागे साहेबांची ही कल्पना २००५ साली देशाचा कायदा झाली. २ फेब्रुवारी २००६ ला दोनशे जिल्ह्यांत सुरू झाली, २००८ ला सगळ्या ग्रामीण भारतात गेली. कुटुंबाला वर्षाला शंभर दिवस, असं तेव्हा ठरलं. पंधरा दिवसांत काम नाही तर भत्ता, पहिले तीस दिवस मजुरीच्या किमान पाव हिस्सा, पुढं किमान निम्मा. शंभर दिवसांच्या वरचा भार आपल्या राज्यानं स्वतःच्या कायद्याप्रमाणं उचलायचा.

मग आली २०२० ची टाळेबंदी. तो दुष्काळ पावसाचा नव्हता, बाजाराचा होता. आमच्या भागातले गलाईवाले, मुंबईचे माथाडी, पुण्याचे सेंट्रिंगवाले, सगळे पिशव्या घेऊन गावात. शहरात ज्यांचा राज्य विमा कापला जात होता, त्यांच्यासाठी बेकारी भत्त्याची एक योजना होती. ती सरकारनं वाढवली, पगाराच्या पाव हिश्श्यावरून निम्म्यावर नेली, नव्वद दिवसांपर्यंत, आणि योजनेची मुदतही पुढं पुढं ढकलली. चांगलं केलं. पण सेंट्रिंगवाल्याचा विमा कुठला? त्याच्यासाठी गावात एकच दार उघडं होतं, रोजगार हमी. केंद्रानं त्या वर्षी आधीच्या ६१,५०० कोटींवर आणखी ४०,००० कोटी दिले. देशभर ११ कोटींच्या वर माणसांनी त्या वर्षी हे काम केलं.

आता हे तीन आकडे बघा. देशात या योजनेत २०१९-२० साली २६५ कोटी मनुष्यदिवस काम झालं. २०२०-२१ साली ३८९ कोटी. २०२१-२२ साली, टाळेबंदी उठल्यावर, सगळं सुरळीत झालं असं बातम्यांत येत असताना ३६३ कोटी. आणि त्या २०२१-२२ सालासाठी अंदाजपत्रकात सुरुवातीला ठेवलेली रक्कम होती ७३,००० कोटी, म्हणजे आदल्या वर्षीच्या एकूण तरतुदीपेक्षा बरीच कमी. कागदावर मंदी संपत आली होती. मजुराच्या घरात संपली नव्हती. तो कामावर येऊन हेच सांगत होता. पाऊस पडला म्हणून उद्यापासून येऊ नका, हे आईनं ऐकलेलं वाक्य पन्नास वर्षांनी आकड्यांच्या भाषेत पुन्हा आलं.

एवढं सगळं वाचल्यावर मला एक गोष्ट पक्की वाटते. मदत किती दिली यावर भांडणं होतात, होऊ देत. पण दुष्काळ असो की मंदी, ती संपली हे ठरवायचा अधिकार ज्याच्या घरी ती असते त्याचा. पागे साहेबांच्या कायद्याचं मोठेपण तेच होतं. मजूर ज्या दिवशी काम मागायचं थांबवेल, त्या दिवशी काम आपोआप थांबेल. त्याला शेतात, कारखान्यात बरी मजुरी मिळाली तर कोण उन्हात चौकडी खांदायला जाईल? त्याला अडवायची गरजच नाही. अडवायची गरज आपल्याला तेव्हा वाटते, जेव्हा आपल्याला त्याला कमी पैशात पाहिजे असतं.

मग आपल्या काढणीचं काय? मला सुचलेलं सांगतो. वर्षाच्या कामाचा आराखडा ग्रामसभेतच मंजूर होतो. त्यात गाळ काढणं, बांध दुरुस्ती, विहिरी ही मोठी कामं मार्चनंतर आणि उन्हाळ्यात धरायची, काढणीच्या पंधरवड्यात बारकी कामं ठेवायची. पण मागणी आली की काम द्यायचंच, बंदचा ठराव करायचा नाही. आणि आम्ही शेतकऱ्यांनी काढणीचा रोज हमीपेक्षा थोडा वर ठेवायचा. मी परवा पन्नास रुपये वाढवले. काल तिच्यासकट, ग्रामसभेत प्रश्न विचारणाऱ्या त्या बाईसकट, सहा बायका शाळवाला आल्या. माझी अडचण कायद्यात नव्हतीच, माझ्या रोजात होती.

दुपारी भाकरी खाताना मी तिला म्हणालो, 'मावशी, त्या दिवशी माझं चुकलं.' ती म्हणाली, 'बाबा, काढणी झाल्यावर आमच्या अर्जावर सही करायला ये म्हंजी झालं.'

१ मेच्या ग्रामसभेत तो विषय परत येईल. तेव्हा मी उठून बोलणार आहे, हे इथं लिहून ठेवतो म्हणजे मागं फिरता येणार नाही.

जाता जाता दोन गोष्टी. गावात कुणाला काम पाहिजे असेल तर तोंडी विचारू नका. कामाच्या मागणीचा अर्ज भरून द्या आणि तारखेची पोच घ्या. लिहिता येत नसेल त्याला आपल्यातल्या कुणीतरी भरून द्या. पोच नसेल तर पंधरा दिवस मोजणार कुठून?

आणि दुसरं, तुमच्या गावच्या पाझर तलावावर, रस्त्यावर, बांधावर ज्यांनी बहात्तरला काम केलं ती माणसं अजून असतील तर त्यांच्याजवळ बसा. कुठली चौकडी कुणाची, किती रोज मिळाला, काम कधी बंद झालं, हे विचारून घ्या आणि खाली लिहा. ही माणसं आता थोडी राहिलीत. माझी आई अजून तलावाच्या पाळीवर बोट दाखवून सांगते, 'त्या वाकड्या लिंबापासनं सांडव्यापातूर माती आमची.'

उद्या खालची पट्टी संपेल. मग वरच्या रानात.

राम राम.